ओढ्यापाशी थांबलेलं पुस्तक

—नाही गं, ते नको. दुसरं कुठलंही काढ. शेजारचं घे, वरच्या फळीवरचं घे, हवी तर दोन ने, पण ते ठेव. आडवं नाही, उभं. हां. अगं, रागावले नाहीये मी, घाबरू नकोस — दिवसभर गप्प बसायचं आणि मग एकदम बोलायचं, तर आवाज फुटतोच. फाटलंय? छे, पानं सगळी जागच्या जागी आहेत. मग का नाही देत, असंच ना? बस जरा. बाहेर ऊन बघ कसलं आहे, आत्ता चालत जुईनगर स्टेशनला निघालीस तर भाजून निघशील. फॅन लावते. बस.

कॉलेजात लावलंय होय हे? चांगलं लावलंय. मला वाटायचं, आता कोण वाचतं असलं — दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडातलं खेडं, एक गिरणीवाला, त्याची तोऱ्यात चालणारी पोर, आणि तो शेतांना कुंपणं घालत हिंडणारा माणूस, जो तिच्याशी धड बोलत पण नाही. पानंच्या पानं काही घडत नाही! ती दूध काढते, तो फांद्या छाटतो. ती चर्चमधून बाहेर येते, तो टोपी काढतो. एवढंच. आणि तरी सांगते तुला, त्या टोपी काढण्याची आपण पाच-पाच पानं वाट बघत बसतो. मी बीएला इंग्लिश घेतलं होतं ना, तेव्हा ही कादंबरी राहूनच गेली. वडिलांनी ही लायब्ररी काढली तेव्हापासून इथे होती, फळीवर. कुणी नेली नाही. मीही नाही उघडली. एकटीनं वाचायची नव्हतीच ती, असं म्हणायचं आता.

बांगड्या? या होय — अशाच गं. हिरव्या आवडतात मला.

तर एक मेंबर होते. होता. कृष्णात नाव. इथे जवळच पावणे गावात एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, कोल्हापूरकडचा, राधानगरीच्या अलीकडे गाव आहे त्याचं. बायको तरुणपणीच गेली होती, मूलबाळ नाही. यायचा सुट्टीच्या दिवशी, शिकारकथा वगैरे न्यायचा, बोलायचा कमी. एके दिवशी हे काढलं त्यानं आणि तिथेच, तू उभी होतीस ना, तिथेच उभा राहिला. वाचत नव्हता. कव्हर बघत होता. हिरवा माळ, लाकडी फाटक, मागे धुकं. म्हणाला, "बाई, ह्यो आमचा माळ हाय बघा." मी म्हटलं, अहो, ते इंग्लंड आहे. म्हणाला, "आसंल. पर फाटक तेवढं त्यांचं, माळ आमचा."

इंग्लिश त्याचं बेताचं. पहिल्या पानावर अडला, विचारायला आला. दुसऱ्यावर अडला, परत आला. मी म्हटलं, असं नाही व्हायचं, दुपारी मी शटर अर्धं ओढते तेव्हा या, मी सांगत जाईन. आणि मग काय — प्रत्येक सुट्टीला. वाचायचा तोच. मोठ्यानं. अंगठा जिभेला लावून पान उलटायचा, मी ओरडायचे, लायब्ररीचं पुस्तक आहे, तर सॉरी म्हणायचा आणि पुढचं पान तसंच उलटायचा. ते इंग्लिश तू ऐकायला हवं होतंस, शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखं. मध्येच थांबून चिडायचा, "ह्यो गडी बोलत का न्हाई तिच्याशी? निस्ता कुंपण घालतोय!" मी म्हणायचे, तेच तर त्याचं बोलणं आहे. मग हळूच म्हणायचा, "व्हय. तसंबी आसतंय." आणि गावाकडचं निघायचं. त्यांची गिरणी आली की आमच्या पाटलांची गिरणी, त्यांचा ओढा आला की आमचा ओढा — इथं वळतो, तिथं जांभळीखाली डोह, पलीकडे चढ, चढावर आमचं घर. पुढे पुढे मला कळेना की पुस्तकात काय आहे आणि कृष्णातच्या तोंडात काय आहे. बरं, कळून घ्यायचंही नव्हतं. हसायचो किती! तो श्रीमंत घोडेवाला तिला मागणी घालायला येतो आणि बदकं त्याच्या मागे लागतात, तो भाग आम्ही दोनदा वाचला. बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं, आत काय चाललंय म्हणून.

सोसायटीत लोक बोलले ना, बोलायचे राहतायत होय? भावाच्या घरी राहते मी. दादानं एकदा विचारलं, लायब्ररी दुपारची बंद असते ना गं? मी म्हटलं, असते.

आणि मग एका दुपारी — गिरणीवाल्याची पोर त्या घोडेवाल्याला कायमचं घालवून देते, तो चॅप्टर संपला, कृष्णातनं पुस्तक मिटलं आणि पुस्तकाकडेच बघत विचारलं, "मीनाबाई, तुमी याल का आमच्याकडं?" मला वाटलं सहज, गाव बघायला. मी म्हटलं, येईन की. म्हणाला, "तसं न्हवं." एवढंच. तसं न्हवं. मग मला कळलं. तुला सांगते, त्या पोरीनं त्या बिचाऱ्याला पुस्तकभर ताणलं, मी नाही ताणलं. पंचेचाळिशीतल्या बाईनं काय ताणायचं? मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच की तोच घाबरला. पाणी मागितलं त्यानं.

ठरलं काय, तर दिवाळीनंतर भातकापणीला तो गावी जाणार, आईच्या कानावर घालणार, आणि परत आला की दादाशी बोलणार. शेवटचा भाग राहिला होता कादंबरीचा. तो कुंपणवाला दुसऱ्या मुलखात कामाला निघून गेलेला, आणि ही पोर धुक्यात कंदील घेऊन ओढ्यापाशी येते, तिथे आम्ही थांबलो. पुस्तक तो बरोबर घेऊन गेला. म्हणाला, "आईला गोष्ट सांगतो ही, तिला लई आवडंल." मी म्हटलं, सांगा, पण शेवट परत आल्यावर, माझ्यासमोर. हसला. हो म्हणाला नाही — नुसता हसला.

आला नाही. कापणी लांबली असेल, म्हटलं. मग फोन केला. एरवी मी फोन करत नसे, आमच्यात तसं नव्हतं. कुणी दुसऱ्यानंच उचलला. "कोन बोलतंय?" आता मी कोण, सांग? काय सांगायचं मी? कुणालाच काही माहीत नव्हतं गं. मी म्हटलं, जुईनगरच्या लायब्ररीतून बोलतेय, एक पुस्तक राहिलंय. तर तो माणूस म्हणाला, "दादा वारला, बाई. बांधावर बसला हुता, च्या घेऊन गेलो तर बसल्यालाच हुता. तसाच. पुस्तक हाय घरात, मी आणून देतो." मी म्हटलं, सावकाश द्या. — सावकाश द्या! फोन ठेवला आणि समोर एक बाई उभ्या होत्या, त्यांना पाककृतींचं हवं होतं, ते काढून दिलं.

आणि आला गं तो खरंच. उदयसिंह, धाकटा भाऊ. एका पुस्तकासाठी रात्रभर एसटीत बसून. त्या पायरीवर चपला काढल्या त्यानं, इथे कोण चपला काढतं? पिशवीतून काढलं, पेपरात गुंडाळलेलं. म्हणाला, "आमच्या आईनं एक इचारायला सांगिटलंय. दादा जायच्या आधी आईला बोलला हुता, हितं एक बाई हाईत म्हणून. नाव सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आई म्हणती, एकदा बगू दे तिला. तुमाला ठाव हाय का कोन त्या?" मला सांगायचं होतं. खरंच, तोंड उघडलं मी. पुस्तक तेवढं हातात घेतलं, असं, छातीशी — आणि तो बघत राहिला माझ्याकडे. मग डोक्यावरची टोपी काढली त्यानं. म्हणाला, "वहिनी."

लग्न लग्न म्हणतात ना? माझं तेवढंच झालं. त्या एका शब्दावर.

नाही, रडत नाहीये. पंख्याची धूळ आहे. ऐक पुढचं, पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुला का सांगतेय कोण जाणे, तू ते पुस्तक काढलंस म्हणून असेल.

मी गेले तिकडे. दादाला सांगितलं, कोल्हापूरला देवीला जाते. उदयसिंह फाट्यावर न्यायला येणार होता, पण एसटी लवकर पोचली. मी उतरले आणि चालायला लागले. विचारलं नाही कुणाला. अगं, मी जन्मात तिकडे गेले नव्हते, आणि माझे पाय जात होते! पाटलांची गिरणी आली, बंद पडलेली. तिथून डावीकडे. ओढा — इथे वळला. जांभळीखाली डोह. हे सगळं त्यानं सांगितलेलं होतं, ठीक आहे, त्याचं काही नाही. पण चढाच्या खाली एक लाकडी फाटक होतं. जुनं, एका बिजागरीवर लटकलेलं. ते त्यानं कधीच सांगितलं नव्हतं गं. फाटक तेवढं त्यांचं, म्हणाला होता. मी हात लावला त्याला, ओलं होतं. दुपारची वेळ, ऊन पडलेलं, आणि फाटक ओलं. आणि पाठीमागे कुणीतरी वाचत होतं. मोठ्यानं. इंग्लिश. तो आवाज, तेच बांधावरून हाक मारल्यासारखे शब्द — मी मागे वळून नाही बघितलं. भीती नाही वाटली. वळले तर थांबेल, असं वाटलं.

आई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "आलीस व्हय? बस. त्यो माळाकडं गेलाय, येतोय." मी उदयसिंहकडे बघितलं — तो मागून धावत आला होता तोवर — त्यानं मान खाली घातली. खुळ्या नाहीत हं त्या. मुलगा गेलाय हे त्यांना पक्कं माहीत आहे, त्याच्या नावानं घास काढतात. तरी असं बोलतात. आणि मी काय केलं असेल? मी म्हटलं, "येऊ दे सावकाश. मी भाकरी टाकते." तोंडातून आलं ते. मला भाकरी येत पण नाही धड.

संध्याकाळी म्हणाल्या, जा, बांधाकडं जाऊन ये. गेले. बसला होता. पाठमोरा. — तू अशी बघू नकोस, मला माहितीये तुला काय वाटतंय. कापलेल्या भाताचा भारा असेल, कुणी शेतकरी असेल, असू दे. मी हाक मारली नाही. लांब उभी राहिले, अंधार पडेपर्यंत. दिसेनासा झाला तेव्हा परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कासाराला बोलावून या भरल्या माझ्या हातात. हिरव्या. मी म्हटलं, आई, हे कसं चालेल? तर म्हणाल्या, "खुळी हाईस. त्यो हाय तवर घालायच्याच." तेव्हापासून दर वर्षी जाते. कापणीला. देवीला जाते म्हणून सांगते घरी. दादाच्या बायकोनं एकदा प्रसाद मागितला, तेव्हा स्टँडवरचे पेढे दिले.

आता पुस्तकाचं. कृष्णातनं शेवट वाचला होता गं. मला सोडून. आणि गेला त्याच्या आदल्या रात्री, चुलीपाशी बसून, आईला सगळी गोष्ट सांगितली होती, पार शेवटापर्यंत. पहिल्याच रात्री त्या म्हणाल्या, "तुला पुढं ठाव न्हाई व्हय? थांब, मी सांगते." आणि सांगितली. चुलीपाशी. ती पोर कंदील घेऊन ओढ्यापाशी उभी असते, धुकं इतकं की पलीकडचं काही दिसत नाही. ती हाक मारते. कुणी नाही. पुन्हा मारते. आणि मग पलीकडून, पाण्यातून, तो येतो. भिजलेला. म्हणतो, "काम झालं तिकडचं, आता आपलं कुंपण घालतो." आणि गिरणीमागे घर बांधतो, पोरं होतात, कपिली नावाची गाय असते, घरात दूध मावत नाही. — हस, हस. मलाही कळतंय की, इंग्रजांच्या कादंबरीत कपिली कुठून येईल? पण तो येतो. पाण्यातून येतो, एवढं तर असेल ना पुस्तकात. मी वाचलं नाही ते. ओढ्यापर्यंत वाचते, दर वेळी, मोठ्यानं, आणि तिथे थांबते. तो थांबत नाही. मी मिटलं तरी ऐकू येत असतं पुढचं, शब्द कळत नाहीत, आवाज नुसता. म्हणून कुणाला देत नाही. नेणारा परत आणून देताना बोलतोच ना — शेवट असा होता, तसा होता —

तू हसत का नाहीयेस?

अगं, काय झालं? कपिलीचं ऐकून कुणीही हसेल, तू — तुझा चेहरा असा का — तू वाचलीयस. वाचलीयस तू, सगळी, परीक्षेसाठी परत हवी होती तुला. थांब. नको. काही बोलू नकोस. मान हलवू नकोस! येत नाही का तो? ओढ्यातून? ती मग तिथेच — नाही, नको म्हटलं ना, तोंड बंद ठेव. म्हाताऱ्या बाईला चुलीपाशी त्यानं खोटं सांगितलं, असं म्हणायचंय तुला? मरायच्या आदल्या रात्री? शेवट वाचून?

ऊठ. पर्स घे तुझी. ते शेजारचं ने, नाहीतर काहीच नको नेऊस, मला बंद करायचंय आता. उद्या पण नको येऊस. जा.

काय म्हणालास?

तुला नाही गं. तू जा.