शेठ, बस!

हॅलो?… कोण, सनी? अरे, जिवंत आहेस तू! आठवडाभर सख्ख्या बहिणीचे फोन कट करतोयस…

हो, हो, ओव्हरटाइम. मला नको सांगूस. महाळुंग्यात खोली घेतलीस ती कंपनी जवळ पडावी म्हणून, की कुत्रा लांब पडावा म्हणून?

काय? ‘थोडंसं लागलं’? अरे, मनगट मोडलंय इंदुताईंचं! कोपरापर्यंत प्लास्टर आहे. मी मेसेज केला, तर तू काय पाठवलंस? अंगठा! शेजारची बाई पडली आणि हा अंगठा दाखवतोय!

नाही, चावला नाही. दात लागला नाही, नशीब. त्याच्या सगळ्या लशी झाल्यात… मी नेलं होतं म्हणून झाल्यात. तुझ्या भरवशावर असता तर कल्याण होतं.

ऐक ना… अरे ऐक! ‘तो काही करत नाही’ हे वाक्य आजपासून बंद. रॉटवायलर आहे तो, उशी नाही. माझ्याएवढं वजन आहे त्याचं… हसू नकोस, गाढवा!

कसं झालं म्हणजे? तुझ्यामुळे झालं! मी शेठला घेऊन लिफ्टमध्ये. पहिल्या मजल्यावर दार उघडलं, समोर इंदुताई, हातात भाजीची पिशवी. शेठ अगदी शहाण्यासारखा उभा. आणि इंदुताईंना शिंक आली… शिंक रे, शिंक! आ… आ… क्छू!

हं. आता आठवलं?

कोणी शिकवलं त्याला ‘छू’ म्हटलं की अंगावर उडी मारायला? तूच ना? रील बनवायला! स्वतःच्या गळ्यात ती जाड चेन घालायची, शेठला सोडायचं तुझ्या त्या दोस्ताच्या, कुलदीपच्या अंगावर, आणि तो पडल्या पडल्या म्हणणार, ‘एक नंबर, भावा!’ आता शिंक कुठली आणि हुकूम कुठला, शेठला काय कळणार? त्यानं तुझी आज्ञा पाळली. मी पट्टा धरलेला, मी पण फरपटत बाहेर. खाली इंदुताई, वर शेठ, त्याच्यावर मी, आणि टोमॅटो जिन्यावरून खाली.

काय?… परत बोल.

…नाही. नाही, सनी. ‘कंपनीच्या मागे सोडून देतो’ म्हणे! तिकडे दिवसरात्र कंटेनर धावतात, आणि हा कुकरच्या शिट्टीला बेडखाली घुसतो. बूट आहे का तो, चावला म्हणून फेकून दिला? परत असं बोललास तर तुलाच तिथे सोडून येईन.

आई? आई इंदुताईंचा स्वयंपाक करते दोन्ही वेळचा. मी सकाळी जाऊन त्यांचा अंबाडा घालून देते. एका हातानं नाही रे जमत… तुला काय कळणार.

अगदी रिकामी नाही बसले मी. मारुंजीची अंजली आहे ना, कुत्र्यांना शिकवणारी, तिला बोलावलं. तिनं शेठला बघितलं आणि मला विचारलं, ‘मालक कुठाय?’ म्हटलं, फरार. म्हणाली, कुत्रा हुशार आहे, शिकवणी चुकीची लागलीय… नाही, मारायचं नाही, ओरडायचंही नाही. लिफ्ट बंद, जिन्यानं जायचं. बाहेर पडताना तोंडाला जाळी. आणि घरात मी दिवसभर ‘छू, छू’ करायचं. तो बसून राहिला की लगेच चिकनचा तुकडा. खालच्या साधनाकाकू काढा घेऊन आल्या, ‘आम्रपाली, सर्दी झाली का गं तुला?’ म्हणत!

अण्णासाहेब? ते चेअरमन, ते म्हणणारच कुत्रा बाहेर काढा. आणि चूक काय त्यांचं? पण इंदुताईच म्हणाल्या, ‘आधी मला बगू द्या, शिकला का त्यो.’ येतीलच आता…

थांब, बेल वाजली. ठेवू नकोस हां! ठेवलास तर तुझ्या कंपनीच्या गेटवर येऊन शेठबरोबर उभी राहीन!

या इंदुताई… नको नको, तिथेच थांबा, दारात. जाळी घातलीय, पट्टा हाताला गुंडाळलाय… हो, सनीच आहे फोनवर. सनी, एक शब्द बोलू नकोस, तुझा आवाज ऐकला तर नाचायला लागेल.

शेठ, बस.

…शेठ. बस.

बसला.

काय म्हणता, इंदुताई? तुम्ही स्वतः तो शब्द म्हणणार?… नको हो, उगाच… बरं. पण मागे सरून म्हणा. तो कठडा धरा.

…

…

सनी… म्हणाल्या रे त्या. मोठ्यानं म्हणाल्या. हलला नाही. थरथरतोय नुसता, माझ्याकडे बघतोय, पण बूड जमिनीला… ये बाळा, घे, घे चिकन. शहाणा माझा…

अगं बाई, इंदुताई, तुम्ही का रडताय?

सनी, फोन स्पीकरवर टाकलाय. बोल आता… ‘सॉरी आँटी’ नाही! नीट बोल…

…

हं. आणि कधी येतोस?… रविवारी नाही, आज. शिफ्ट संपली की आज. रोजची शिकवणी आहे, मालकानंच घ्यायची असते ती… हो, दमलास तरी… हो, आई जेवायला वाढेल. मग ये.

काय म्हणाल्या इंदुताई? ऐकू नाही आलं? म्हणतायत, ‘ह्यो बसला बग. आता त्या दुसऱ्याला शिकीव.’

…दुसरा कोण काय विचारतोस? ठेव फोन!