समितीत आपला मानूस हाय

रेक्टर सायबांनी विचारलं, शिस्त समितीवर विद्यार्थ्यांतला एक जन पायजे, कोन येतंय, आन मी हात वर केला. चुकलं ते तिथंच. बाकीच्या पोरांनी माना खाली घातल्या हुत्या, त्यावरनं तरी मला कळायला पायजे हुतं. पन काय सांगू तुमाला, आमचं गाव तिसगावच्या पल्याड, सगळं कोरडवाहू, दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं आन जे मागं राहायचे ते भांडत बसायचे, बांधावरनं, शेळीवरनं, न्हाईतर नुसतं वाकडं बघितलं म्हनून. ती भांडनं मिटवायला पंच बसायचे देवळाच्या ओट्यावर, आन च्याचा पैला कप त्यांना. माझा बाप जन्मभर त्या ओट्याखाली उभा राहिला, त्याला वर ये म्हनून कोनी म्हनलं न्हाई. तवा समिती म्हनल्यावर माझ्या डोळ्यापुढं ओटा आला, ओट्यावर च्या आला, आन हात आपला आपन वर गेला.

ही गोष्ट मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या सालची. राहुरीच्या बाजूला शेतकीच्या कॉलेजात मी पैल्या वर्षाला हुतो. समितीत आमी चौघं, एक अध्यक्ष सर, रेक्टर सायेब, ज्वारीचे सर म्हंजे ज्यांचा ज्वारीचा प्लॉट वसतिगृहामागं हुता ते, आन चौथा मी. पैल्या बैठकीला मी शेजारच्या खोलीतल्याचा कोट मागून घालून गेलो, बाह्या बोटांवर येत हुत्या. एका पोरानं खोलीत ष्टोव्ह पेटवून भाकरी केल्ती, त्याचा निवाडा हुता. मी म्हनलं, सर, याला समद्या वसतिगृहाला गूळ-शेंगदाने वाटायला लावा, आमच्याकडं अशीच शिक्षा असती. अध्यक्ष सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आन म्हनले, हे कोणत्या नियमात बसतं? मी म्हनलं, सर, आमच्याकडं नियम न्हाई, पन शेंगदाने असत्यात. त्यानंतर मला कोनी काई विचारलं न्हाई. पन च्या आला, आन मला पैला दिला, म्हंजे मी दाराजवळ बसलो हुतो म्हनून. मला तेवढं पुरलं.

खोलीत माझ्यासंगं सर्जेराव, खर्ड्याकडला. मोजकं बोलनारा, अभ्यासाचा गडी. त्याचा थोरला भाऊ कोयता घेऊन उसाच्या फडात जायचा आन ह्याच्या शिक्षनाला पैसं धाडायचा. भावानं जाताना सांगितलं हुतं, तुला कॉलेजातनं काढून टाकलं तर सरळ फडावर ये, घरी जाऊन आईला तोंड दाखवू नको. सर्जेराव हे कधी बोलला न्हाई, एकदा ताप आल्ता तवा बडबडला, म्हनून मला ठावं.

थंडीत ज्वारी हुरड्यावर आली. आता तुमी शहरातले, तुमाला हुरडा म्हंजे विकत घ्यायची गोष्ट. आमच्याकडं तसं न्हाई. शेतात आलेल्या मानसाला हुरडा खाऊ घालायचाच, मालक न्हाई म्हनत न्हाई, आन मालक नसला तर आपनच चार कनसं मोडायची, भाजायची, बांधावर बसून खायची. घरला नेली तर ती चोरी. खाल्ली ती खाल्ली. आमी एका ऐतवारी दुपारी सात जन प्लॉटात शिरलो, खड्डा केला, गवऱ्या पेटवल्या, चटनी सर्जेरावची हुती, लसनाची.

प्लॉटात काई कनसांना कागदी पिशव्या बांधल्या हुत्या, टोपी घातल्यावानी. पोरं म्हनली, ह्या कशाला रं? मी समितीतला मानूस, मला ठावं नको का? मी म्हनलं, ह्या सायेब लोकांना गोफन मारता येत न्हाई, म्हनून पाखरापासनं कनीस झाकलंय, तवा टोपीवालीच मोडा, टोचलेली निघायची न्हाईत. पोरांना पटलं. मलाबी पटलं. टोप्या काढल्या, त्यातच भाजलेला हुरडा चोळून घेतला, चटनी घेतली, लई सोय झाली. ती कनसं ज्वारीच्या दुसऱ्या ताटाच्या परागापासनं राखून, निवडून, सरांनी सालोसाल शुद्ध बी करत आनलेलं हाय, हे दुसऱ्या वर्षाला शिकवत्यात. आमी पैल्या वर्षाला.

खाऊन झाल्यावर आमी पसार झालो आन सर्जेराव एकटा मागं राहिला, इस्तव नीट विझवायला. माती टाकली, बसायला आनलेलं पोतं झटकलं, खांद्यावर टाकलं, तेवढ्यात वॉचमननं धरला. एकटं पोरगं, खांद्यावर पोतं, आन प्लॉटातल्या टोप्यावाल्या ओळी बोडक्या. वॉचमननं लिहून दिलं, कनसं मोडून बाजारात विकली, आता दुसऱ्या खेपेला आला हुता. सर्जेरावला इचारलं, संगं कोन? त्यानं तोंड उघडलं न्हाई. मी त्याला खोलीत म्हनलं, भिऊ नको, समितीत आपला मानूस हाय. तो म्हनला, कोन? मी म्हनलं, मी. तो भिंतीकडं तोंड करून निजला.

निवाड्याच्या दिवशी सर्जेराव उभा, मी खुर्चीत. अध्यक्ष सर म्हनले, ही चोरी आहे, विक्रीसाठी केलेली, याला काढून टाकण्याशिवाय मला मार्ग दिसत नाही. ज्वारीचे सर समोर एक फाटकी टोपी ठेवून तिच्याकडं बघत हुते, घरात कोनी गेल्यावानी. मी उठलो. म्हनलं, सर, आमच्या भागात खाल्लं तर चोरी धरत न्हाईत. अध्यक्ष म्हनले, एकटा मुलगा इतकी कणसं खाईल का? मी म्हनलं, कसा खाईल, सर, अन् ती टोपीवाली तर मुळीच न्हाई, त्यांना चवच न्हाई, दाना नुसता पिठूळ, अन् चोळताना कनीस सोडत न्हाई, तळवे सोलून निघत्यात, उघड्या ओळीतली गोड हुती, उगाच ह्यांच्या नादी...

इथं माझं मला ऐकू आलं.

रेक्टर सायेब माझ्या तळव्याकडं बघत हुते, मी तो दाखवायला पुढं केलेला. अध्यक्ष म्हनले, हे आपल्याला कसं समजलं? मी म्हनलं, सर, ऐकीव हाय. ज्वारीचे सर पैल्यांदा बोलले, म्हनले, ती वाणं हुरड्यासाठी नव्हतीच, बाळ. मग म्हनले, म्हणजे विकली नाहीत, खाल्ली. मी म्हनलं, व्हय सर, बसून खाल्ली. किती जणांनी? मी सर्जेरावकडं बघितलं, तो छताकडं बघत हुता. म्हनलं, सर, माझं सांगतो, मी भरपूर खाल्ली.

अध्यक्ष म्हनले, खुर्ची सोडा आणि तिकडं उभे राहा. मी कोट सावरत सर्जेरावच्या शेजारी गेलो. तो हळूच म्हनला, या, आपला मानूस.

काढून टाकायचं मागं पडलं. ज्वारीच्या सरांनीच सांगितलं, विकनाऱ्याला ठेवता येनार न्हाई, पन ही तर नुसती अडानी पोरं हायेत, ह्यांना काढलं तर शिकवायचं कुनाला? काढनीपस्तोर रोज पहाटं आमी दोघांनी पाखरं हाकायच्या माळ्यावर उभं राहून उरलेला प्लॉट राखायचा, मग कॉलेज. बाकीचे पाच जन आपनहून दुसऱ्या दिवशी येऊन माळ्याखाली उभे राहिले, गोफनी घेऊन. समितीत माझ्या जागी दुसरा घेतला, मुका वाटावा असा.

पुढं मी शेतकी खात्यात नोकरी केली, आता घरची ज्वारी बघतो. सर्जेराव मोठा सायेब होऊन नगरला रिटायर झाला, भावाचा कोयता त्यानं सोडवला, आईला संगं नेलं. दर थंडीत हुरड्याला आमच्याकडं येतो. औंदा माझी नात बसली हुती संगं, ती कॉलेजात हाय, म्हनली, आबा, आमच्याकडं नोटीस लागलीय, विद्यार्थ्यांनी शिस्त समितीच्या कामात भाग घ्यावा, कसा घ्यायचा? मी म्हनलं, बाई, दोन वाटा हायेत, एक हात वर करायचा, दुसरी धरलं जायचं, मी दोन्हीकडनं जाऊन आलो. घे तू भाग, तुझं भलं हुईल, तुमी पोरी आमच्यापरीस शहान्या. आन ह्या सर्जा काकाला मी कसा भाषान करून वाचवला, ते इचार त्याला.

सर्जेरावनं तळव्यावरचा हुरडा फुंकला, तोंडात टाकला, चावून झाला तवा नातीला म्हनला, पोरी, तुझ्या आज्याचं भाषान चांगलं झालं असतं तर मी आज फडात असतो.