गळती मणक्यात होती, मनात नव्हती

या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना जय भीम. मी रोहिणीची मोठी बहीण, ठाण्यातल्या कोपरीची. बोलणार नव्हते. पण आत्ता इथे कुणी म्हणालं, रोहिणी फार सोशिक होती. ते ऐकून बसवेना.

सोशिक नव्हती ती. तिला सोसायला लावलं.

कल्याणच्या शाळेत गणित शिकवायची माझी बहीण. एका सकाळी डोकं दुखायला लागलं, ते थांबेचना. आडवी झाली की जायचं, उठून बसली की परत सुरू. सासरी काय बोललं गेलं? स्वयंपाकाची वेळ झाली की बाईसाहेबांचं डोकं दुखतं. डॉक्टर तरी काय म्हणाले? कुणी मायग्रेन म्हणालं, कुणी टेन्शन. एकाने तर नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, मानसोपचारवाल्याला दाखवा. तिला कुणी विचारलंच नाही.

शेवटी मी तिला गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून नवी मुंबईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा म्हणाली, "ताई, यांनीही वेडीच ठरवलं तर?"

नाही ठरवलं. एमआरआय बघून म्हणाले, मेंदूभोवतीचं पाणी मणक्यातून गळतंय, दाब कमी झालाय, म्हणून उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो. हिचंच रक्त काढून पाठीत टोचून गळती बुजवता येते, लवकर दाखल करा. रोहिणी रडायला लागली.

"ताई, मी खोटं बोलत नव्हते गं."

आणि घरी काय ठरलं? आधी दिराचं लग्न. मी म्हटलं, मी थांबते हॉस्पिटलात, तुम्ही लग्न उरकून घ्या. महेश, तू तिचा नवरा, समोर बसलायस म्हणून सांगते. तू म्हणालास, मोठी सून दिसली नाही तर लोक काय म्हणतील? मग ती उभी राहिली, दिवसभर, स्टेजच्या बाजूला, पाहुण्यांशी हसत. पुढच्याच आठवड्यात बेशुद्ध पडली. मेंदू खाली ओढला जाऊन शिरा फाटल्या होत्या, डोक्यात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आलीच नाही.

लोक काय म्हणतात, महेश? सोशिक होती म्हणतात.

तुमच्या घरात कुणी सांगत असेल, उभं राहिलं की डोकं ठणकतं, आडवं पडलं की थांबतं, तर त्याला कामचुकार म्हणू नका. मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. एक डॉक्टर ऐकत नसेल तर दुसरा शोधा. लग्नकार्य थांबू शकतं.

आता रोहिणीसाठी एक मिनिट शांत राहू या. तुम्हाला जड जाणार नाही. ती जिवंत होती, तेव्हाही तुम्ही गप्पच होतात.

जय भीम.