फर्गलच्या गुडघ्याचं सुतक

...नाही, पण मला एक सांगा, माणसाने अशी बातमी गुरांच्या बाजारात ऐकावी? घरात ऐकावी, चर्चच्या पायरीवर ऐकावी, अगदी दाढी करताना रेडिओवर ऐकावी आणि हनुवटी कापून घ्यावी, चालेल... पण गुरांच्या बाजारात? कठड्याला रेलून, एका हातात चहा, डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या गोऱ्ह्याचं ढुंगण, आणि अशा अवस्थेत लिलाववाला मधेच थांबतो, टोपी काढतो आणि भोंग्यावरून म्हणतो, "मंडळी, वाईट बातमी आहे. फर्गल मॅक्टर्नन निवृत्त झाला." आणि अख्खा बाजार टोप्या काढतो! तुम्हाला सांगतो, गोऱ्हासुद्धा गप्प उभा राहिला. आणि मी कोण? मी मॅटी मॅक्टर्नन, त्या फर्गलचा सख्खा काका. माझा भाऊ लवकर गेला, पोराला मी वाढवलं, आजही एकाच छपराखाली राहतो, त्याच दिवशी सकाळी एकाच किटलीतला चहा प्यालो, आणि मला पत्ता नाही!

बरं, असा धक्का बसला की माणूस काय करतो? कपाळाला हात लावतो. मी लावला. तेवढ्यात लिलाववाल्याने टोपी परत घातली, लिलाव पुढे सुरू केला, माझा वर गेलेला हात बघितला आणि हातोडी आपटली, "मॅटीचा!" झालं. गोऱ्हा माझा. मागच्या पायाने लंगडणारा गोऱ्हा. अहो, मी विकायला गेलो होतो हो, विकायला! पण भांडणार कुणाशी? जो तो माझ्याकडे येऊन हात दाबतोय आणि मान हलवून निघून जातोय. कुणाला काही बोलता येत नाही. कारण रीतच नाही ना! माणूस मेला असता तर काय करायचं ते आम्हाला ठाऊक असतं. निवृत्त झालेल्याचं काय करतात?

तुम्ही म्हणाल, खेळाडू निवृत्त झाला, त्यात एवढं काय. अहो, खेळाडू नाही, फर्गल! आमची काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, तिथे माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंपेक्षा तळी जास्त. इथे आमच्या आयरिश फुटबॉलच्या संघाला पंधरा धड माणसं गोळा झाली की तोच विजय. अशा मातीत हा पोरगा जन्मला, आणि त्याचा तो डावा पाय... काय सांगू तुम्हाला! कोपऱ्यातून, अगदी रेषेवरून, अंगावर दोन धटिंगण लोंबकळत असताना चेंडू मारायचा, आणि चेंडू असा वर जायचा की परत यायचंय हे विसरूनच जायचा, आणि मग सावकाश, जांभई देत दोन खांबांच्या मधून पलीकडे. शेजारच्या ड्रमगोलाचे लोक, जे आमच्या मयतीलासुद्धा हसतात, ते त्याला मैदानावर बघायला शेतातली कामं टाकून यायचे. आणि या खेळात कुणाला दमडी मिळत नाही बरं का! दिवसभर शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचं, आणि संध्याकाळी चिखलात लोळून गावाची अब्रू राखायची.

पण देवाने पाय दिला आणि वरून म्हणाला, आता बघतो तुझ्याकडे. आधी घोटा. मग मांडीची शीर. मग खांदा. मग गुडघा, मग तोच गुडघा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, म्हणजे पहिल्याला वाईट वाटायला नको! पोरगा महिनोन् महिने घाम गाळायचा, बरा व्हायचा, अर्धा सामना असा खेळायचा की डोळ्यांत पाणी यावं, आणि मग... काडकन. सगळं मैदान एकदम श्वास आत घ्यायचं, तो आवाज मी अजून झोपेत ऐकतो. आणि प्रत्येक वेळी त्याला गाडीत घालून डब्लिनला कोण न्यायचं? मी. पायावर बर्फ, मांडीवर सँडविच, जाताना अवाक्षर नाही, येताना मात्र आम्ही दोघं पुढच्या मोसमाचा संघ निवडायचो. या देशात असा सर्जन नाही ज्याच्या दवाखान्याबाहेर मी गाडीत बसून सँडविच खाल्लेलं नाही. आणि त्या मला, सांगितलं नाही!

आणि गुडघा काय त्याच्या एकट्याचा होता? गावाचा होता तो. फादर रविवारी वेदीवरून आधी गुडघ्यासाठी प्रार्थना म्हणायचे, पोप नंतर. गुडघ्याच्या एक्स-रेची फिल्म खाटकाने दुकानाच्या काचेवर लावली होती, उजेड नीट येतो म्हणून. मटण घ्यायला आलेला प्रत्येक जण उभा राहून मत द्यायचा, "ही शीर जरा सैल दिसते." कुणाच्या बापाने शीर बघितली होती? फिल्म उलटी लावली होती, खांदा वाटत होता तो! आमच्या शेजारच्या अट्रॅक्टाबाईने हंसाची चरबी आणून दिली, तिच्या मावशीच्या हाताला गुण होता म्हणे. फर्गलने लावली बिचाऱ्याने. महिनाभर आमच्या कुत्र्याने त्याचा पाय सोडला नाही.

तर असा मी, गाडीच्या मागे लंगडा गोऱ्हा घेऊन, डोक्यात जाळ घेऊन घरी येतो, आणि बघतो तर काय... आमच्या गल्लीत, दोन्ही बाजूंनी, गाड्याच गाड्या. कुंपणाला लावलेल्या, गटारात घुसलेल्या. आता आमच्याकडे घरासमोर इतक्या गाड्या दिसल्या की अर्थ एकच, घरात कुणीतरी गेलं.  तुम्हाला सांगतो, मी गोऱ्हा तसाच सोडून पळालो.

झालं होतं असं, की पहिली आली अट्रॅक्टाबाई. तिला बातमी कळली, तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिचे हात आपोआप सँडविच करतात. ती हॅमच्या सँडविचचं ताट घेऊन आली, गाडी बाहेर लावली. मागून जाणाऱ्याने ताट बघितलं, गाडी बघितली, आणि मयतीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून घरी जाऊन सफरचंदाचा टार्ट घेऊन आला. त्याची गाडी तिसऱ्याने बघितली. आणि चौथ्यापासून पुढे कुणी विचारलंच नाही कोण गेलं ते. विचारायचं काय त्यात? फर्गल तरुण, त्याची बायको ऑर्ला तरुण, लेक साइव्ह पाळण्यात. उरलं कोण? मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियातून उठलेला मॅटी!

मी कुंपणाशी पोहोचलो तर दारापर्यंत रांग. काळे कोट, हातात ताटं. आणि माझ्याकडे पाठ करून दोघं बोलताहेत, "माणूस तोंडाचा फाटका, पण मनाचा सोनं होता हो." "आणि गोलात काय उभा राहायचा तरुणपणी! भिंत." मी थांबलो. थांबणारच की! इतकं चांगलं मी जिवंतपणी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात एकाने मागे वळून बघितलं, आणि त्याच्या हातातला टार्ट... गेला खाली. एक बाई क्रूस करायला लागली. मी म्हटलं, अहो मी नाही मेलो, फर्गल निवृत्त झालाय! आणि मग त्यांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही. माझ्या मरणाला नुसते काळे कोट होते. हे ऐकल्यावर रडायला लागले! एकाने तर माझ्याकडे असं बघितलं की, मॅटी, त्यापेक्षा तूच गेला असतास तर...

आत गेलो. चुलीजवळच्या खुर्चीत फर्गल, पाय स्टुलावर. आणि रांगेने एकेक जण येतोय, दोन्ही हातांनी त्याचा हात धरतोय आणि मयतीला म्हणतात तेच म्हणतोय, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत, पोरा." आणि तोही बिचारा, "आलात, बरं वाटलं," म्हणतोय. दुसरं म्हणणार काय? मेला असता तर काय करायचं ते आम्हाला ठाऊक असतं, म्हणून आम्ही तेच केलं. फक्त मेलेल्याला चहा विचारायची पंचाईत झाली.

मी त्याला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. म्हटलं, अरे, काउंटीच्या संघाला सांगितलंस, लिलाववाल्याला कळलं, गोऱ्ह्याला कळलं, मला का नाही? एवढा परका झालो?  मला वाटायचं, निदान गाडी चालवणारा म्हणून तरी...

 तो खाली बघून म्हणाला, "तुला सांगितलं असतं काका, तर तू म्हणाला असतास, अजून एक वर्ष."

मी म्हणणारच होतो. जिभेवर होतं. अजून एक वर्ष.

"परवा साइव्हला घेऊन जिना उतरत होतो," तो म्हणाला. "गुडघा सुटला. कठडा हाताला लागला म्हणून. ती हसत होती काका, तिला वाटलं बाबा खेळतोय. ऑर्लाला अजून सांगितलं नाही मी."

 त्याच घरात होतो मी. तोच जिना. मी खाली बसून पेपरात त्याचंच नाव शोधत होतो. आम्ही इतकी वर्षं त्या गुडघ्याकडे बघत होतो, फिल्म बघत होतो, सूज बघत होतो... गुडघ्याच्या वर एक पोरगा आहे हे कुणी बघितलं का? मी बघितलं का? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, थंडी आहे, आत चल. एवढंच जमलं मला.

आत आलो, तो खुर्चीत बसला, रांग पुढे सुरू. आणि रांगेत आला कोण? एन्डा गिलहूली. आमच्या गावच्या क्लबचा सगळ्यात खालचा संघ सांभाळतो. पोट सुटलेले, नुकतं लग्न झालेले, नुकतं लग्न मोडलेले, अशांचा संघ. एन्डाने टोपी काढली, फर्गलचा हात दोन्ही हातांत घेतला, डोळे पुसले, म्हणाला, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत." आणि हात सोडलाच नाही. त्याच दमात, त्याच रडक्या आवाजात, "रविवारी आपली ड्रमगोलाशी मॅच आहे, फर्गल. माझ्याकडे चौदाच आहेत. नुसतं गोलात उभं राहायचं. पळायचं नाही. हलायचंसुद्धा नाही."

 आणि तुम्हाला सांगतो, एकालासुद्धा ते गैर वाटलं नाही! सुतकाच्या घरात, हातात सँडविच धरून सगळे फर्गलकडे आशेने बघताहेत. अट्रॅक्टाबाई हळूच म्हणते, "गोलात काय, उभं तर राहायचं." आणि मी फर्गलकडे बघितलं. तो हो म्हणणार होता. त्याला या गावाला नाही म्हणता येतच नाही, कधी आलंच नाही, म्हणून तर अशी चाळण झाली त्याची! त्याने तोंड उघडलं...

"नाही," मी म्हणालो.

स्वतःच दचकलो हो! मी, ज्याने त्याला प्रत्येक ऑपरेशननंतर परत मैदानाच्या दाराशी सोडला. म्हणालो, "तो खेळणार नाही. या रविवारी नाही, पुढच्या नाही, कधीच नाही. त्याला एक मुलगी आहे आणि आमच्या घराला जिना आहे." कुणाला जिन्याचं काही कळलं नाही. ऑर्लाला कळलं. तिने फर्गलकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हातातली किटली खाली ठेवून ती त्याच्या खुर्चीच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. आणि तो पोरगा, ज्याला मी कसल्या कसल्या वेदनांत हूं की चूं करताना बघितला नाही, त्याने माझ्यासमोर, अख्ख्या गावासमोर, तोंड झाकलं आणि रडला. सुटल्यासारखा.

लोकांनी माना खाली घातल्या. फार गंभीर क्षण होता, तुम्हाला सांगतो. एन्डाने पण मान खाली घातली, अर्धं मिनिट तरी घातली. मग वर बघितलं. फर्गलकडे नाही. माझ्याकडे.

"मॅटीकाका," म्हणाला, "तुमची नोंदणी अजून आहे ना क्लबात?"

काय करता! रविवारी मी गोलात. सगळं गाव आलं होतं, ताटं घेऊन, कारण माझं काय होईल सांगता येत नाही. ड्रमगोलाच्या पोरांनी चेंडू असे आत घातले जसा काही पोस्टमन पत्रं टाकतोय. पलीकडे कुंपणाला टेकून फर्गल उभा, खांद्यावर साइव्ह, आणि इतका हसतोय, इतका हसतोय, की मी त्याला मैदानावर कधी तसा हसताना बघितला नव्हता. सामना संपला, मला उठवायला दोघं लागले. मी एन्डाला म्हटलं, बाबा रे, मीही निवृत्ती जाहीर करतो, आत्ता, इथेच, चिखलात.

एन्डाने टोपी काढली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "काका, मंगळवारी सरावाला या, मग बोलू."