पांघरुणाचा रंग

हॅलो?… हां मारिसेला, बोल!… अगं मीच करणार होते, शप्पथ! आत्ता हॉलमधून बाहेर पडतेय… नाही, लॉबीत, पॉपकॉर्नच्या मशीनशेजारी. म्हणून हा तडतडाट.

थांब, आधी बाळाचा ताप सांग… उतरला? सुटलीस बाई! मग रडतंय कोण ते?… भूक? मग घे ना त्याला पाजायला. तू पाज, मी बोलते. मध्ये मध्ये तोंड घालायचं नाही.

नाही, तुझा प्रसंग 'राहिला की गेला' असं नुसतं नाही सांगता येणार… कारण मलाच अजून माहीत नाही! वॉरेनने काही ठरवलेलं नाही. म्हणजे… अगं, ऐकशील का?

हॉल गच्च भरलेला. सिमी व्हॅलीतली यच्चयावत पोरं आज आपल्या कार्टूनमधल्या रोबोंना बघायला. आज्या, आजोबा, सॉकरच्या मैदानावरून चिखलासकट आलेली मुलं… हो, सगळ्यांना सांगितलं होतं सुरुवातीलाच, की सिनेमा अजून पुरा झालेला नाही, चाचणीचा खेळ आहे. मी पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात, पडद्याकडे पाठ करून… मग काय! सिनेमा आता तोंडपाठ झालाय, मला लोकांची तोंडं बघायची होती. वॉरेन मागे दाराशी, हाताची घडी घालून. निर्माता असावा तर असा, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. तुझा प्रसंग कापायचा आणि तिथे रोबोंचा नाच घालायचा, हे त्याचं ठरलेलंच होतं ना.

आधीचं मस्त झालं. आपली रोबो बर्ता ताटं उडवून झेलते तिथे एक आजोबा इतके हसले, की कवळी सांभाळावी लागली… खरंच गं!

मग बर्ताची बॅटरी संपली. आणि तुझा प्रसंग… मारी, इतका वेळ झगझगीत स्वयंपाकघर, आणि एकदम पांढऱ्या कागदावर तुझ्या पेन्सिलीच्या रेघा. रंग नाही, संगीत नाही. कापायचाच आहे तर रंगवायचा कशाला, म्हणून मी त्याला ब्रशसुद्धा लावला नव्हता… माहीत आहे गं तुला, पण त्या अंधारात बसून बघ एकदा! एक पोरगं म्हणालंच, "मम्मा, बिघडलं?" थोडे लोक हसले. वॉरेनकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

हो, हो… सांगतेय ना. मग तो छोटा रोबो, निब, पांघरूण ओढत आणतो. त्याला वाटतंय, बर्ता नुसती झोपलीय. डोकं झाकलं की तिचे पाय उघडे. पाय झाकले की डोकं उघडं… हो, ते काढताना तुला सातवा महिना होता आणि तुझंच पांघरूण तुला पुरत नव्हतं… तिथे, मारी, चावणं थांबलं. पॉपकॉर्न चावणं गं! एवढ्या हॉलभर ती कुरकुर सतत चालू असते, आपल्या लक्षातही येत नाही. थांबली तेव्हा कळली. एका बाईचा हात तोंडाच्या वाटेवर, तसाच. मांडीवरची तिची मुलगी श्वास घेतेय की नाही, कोण जाणे. मी चर्चमध्येसुद्धा अशी शांतता ऐकली नाहीये. तिथे निदान खोकतात तरी.

रडतेयस?… मग नाक कोण ओढतंय, बाळ?… बरं, बरं. हळू, त्याला ठसका लागेल.

खरी गंमत पुढेच आहे. खेळानंतर थोड्या लोकांना प्रश्न विचारायला थांबवतात ना, तसं थांबवलं. ती प्रश्न विचारणारी बाई म्हणाली, "मधला तो कच्चा भाग, नुसत्या पेन्सिलीतला, खटकला का?" तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "कुठला कच्चा भाग?"… नाही, थट्टा करत नाहीये! ती म्हणाली, "तो पांघरुणाचा, रंग नसलेला." एक बाप, हे एवढाले दंड, म्हणतो, "रंग नव्हते कसे? पिवळं पांघरूण होतं की!" त्याची बायको म्हणते, "पिवळं? डोळे तपासून घे. निळं होतं, चांदण्यांचं." जुंपली की दोघांची! एक चिमुरडी म्हणे, "लाल चौकटींचं. माझ्या आजीकडे आहे तस्सं."

…हो गं, प्रत्येकाचा रंग वेगळा! आणि कोणी खोटं बोलत नव्हतं. बायबलवर हात ठेवून सांगतील असे चेहरे. 'जोलीनने रंग भरला नाही तर माझं चित्र मुकं,' म्हणायचीस ना तू? मी आपली बसलेय, आणि लोकांनी आपापल्या घरून रंग आणलेले.

वॉरेन?… तो दाराशीच. ही एवढी भांडाभांडी चाललेली, आणि तो तिथूनच हळूच म्हणाला, "हिरवं नव्हतं का?"… हो. आपला वॉरेन! ज्याने तुझे ते कागद स्वतः चाळून बाजूला टाकले होते. मग चष्मा काढून पुसत बसला… नाही, प्रसंगाचं काही ठरवलं नाही, म्हणून तर मी बाहेर…

अगं थांब. तो येतोय. इकडेच येतोय… नाही, ठेवू नकोस! खबरदार ठेवलास तर!

हो वॉरेन, तीच आहे… घरी, बाळाला पाजतेय… काय?… पुन्हा म्हण.

मारी! नाच गेला. नाच काढा म्हणतोय!… तुझा राहतोय, वेडे, तुझा! वॉरेन, मग मी सोमवारी रंग… नाही? तसाच?… मारी, रंग भरायचा नाही म्हणतोय. एक थेंबसुद्धा नाही. पेन्सिलीतच दाखवायचा… मला कशाला वाईट वाटेल? चल!

मारी?… हॅलो?… रड, पोटभर रड. पण ऐक, तो फोन मागतोय… कशाला म्हणजे, तुलाच सांगायचंय म्हणे, ते हिरवं पांघरूण कोणाचं होतं ते… नाही गं, मलाही नाही सांगितलं. त्याचा आवाज जरा… तू बोल. हळूच बोल त्याच्याशी.

घे, वॉरेन. ऐकतेय ती.