कोरे करकरीत बूट

नदीकाठच्या बागेत शिरायला तिकिटाची रांग होती. माझ्यापुढे एक अनोळखी जोडपं उभं होतं.

"सहा महिने रोज पहाटे इथेच चालायला येता ना? मग आज मलाही दाखवा."

"अगं, त्यात बघण्यासारखं काय? सोपी वाट आहे. लहान पोरंसुद्धा जातात."

"चढ आहे का?"

"असेल... म्हणजे, आहे ना थोडासा."

"ती बघा, माणसं फिरून परत आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल!"

"नदी म्हटल्यावर चिखल असायचाच."

"मग तुमचे बूट अजून असे कोरे करकरीत कसे? खरं सांगा, रोज कुठे जाऊन बसता?"

नवरोबांना घाम फुटला. मला काही राहवेना.

"वहिनी, रोज बरोबरच चालतो आम्ही! चिखल आला की हे बूट काढून हातात घेतात. अनवाणी चालतात हो, वाघासारखे!"

"हो हो! हेच ते, माझे सोबती!"

वहिनींनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हातातली पिशवी उघडून धरली.

"टाका बूट यात. आणि भाऊजी, तुमचेही."