अकरावा चौकोन

आई : दारातच थांब जरा. ती बूट घालतेय. म्हणजे घालत नाहीये, एक बूट हातात घेऊन बसलीय.

बाबा : मी कुठे आत आलोय? दहा म्हणालीस, दहाला हजर आहे.

आई : वेळेचं बोलतच नाहीये मी. तुझं घड्याळ कधी चुकत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. तिचं बोलतेय. मागच्या रविवारी पोट दुखतंय म्हणाली, त्याच्या आधीच्या रविवारी डोकं. आणि काल जेवताना स्वच्छ सांगितलं, "मला बाबाबरोबर जायचंच नाही."

बाबा : असं म्हणाली?

आई : अस्सं. मी विचारलं, का गं? तर तोंडाला कुलूप.

बाबा : तूच काही बोलली असशील तिच्यासमोर.

आई : बोलले असते तर तुला आधी कळलं असतं. वेगळं राहायला लागल्यापासून पोरीसमोर तुझ्याबद्दल वावगं बोलायचं नाही, असं मी स्वतःला बजावलंय. कधीकधी जीभ चावावी लागते, पण चावते.

बाबा : मग घोडं पेंड कुठे खातंय? सगळ्या जागा तिला विचारून ठरवल्यात. प्राणीबाग, ग्रंथालयातली गोष्टींची खोली, टेकडीवरची घसरगुंडी... तुझ्या फ्रिजवरून ती दर वेळी सोबत आणते, त्या कार्डावर बारा जागा आहेत. दहा झाल्या, दोन राहिल्या.

आई : बघ, पुन्हा दहा आणि दोन. अरे, माणसं पोरांना फिरायला नेतात. तू तिला घेऊन तपासणी करत हिंडतोस. आणि ही हत्यारांची बॅग रविवारी कशाला खांद्यावर?

बाबा : कुठे लिफ्ट अडकली, आत माणूस असला, तर जावं लागतं. आणि ठरवल्याशिवाय सात तास पोरीबरोबर काय करायचं, ते मला येत नाही. तुला येतं.

आई : मला तरी कुठे येतं? माझ्याकडे भांडी असतात, कपडे असतात, त्यातच ती लुडबुडत असते आणि दिवस मावळतो. ऐक. आज ने तिला. संध्याकाळी मी पुन्हा विचारणार आहे. नाही म्हणाली, तर यापुढे महिन्यातून एकदा. दर रविवारी रडवेल्या पोरीला दाराबाहेर ढकलणं माझ्याच्याने होणार नाही.

बाबा : महिन्यातून एकदा तर मी लिफ्टला भेटतो.

आई : खारू, चल गं! बाबा थांबलाय.

*

बाबा : तर खारुताई, आज होडी. कार्डातला अकरावा चौकोन, तूच निवडलेला. निळी होडी की पिवळी?

खारू : कुठलीच नको.

बाबा : बरं. मग बाराव्यावर उडी मारू. मासे बघायचे, मोठ्या काचेतले.

खारू : ते तर मुळीच नको!

बाबा : का गं?

खारू : असंच.

बाबा : मग घरी जायचं?

खारू : नाही!

बाबा : होडी नको, मासे नको, घर नको. साडेपाच वर्षांची झालीस, आता तूच सांग, काय करायचं?

खारू : कार्डात नसलेलं.

बाबा : कार्डात नसलेलं म्हणजे काय?

खारू : ते मला काय माहीत? कार्ड तुझं आहे.

बाबा : ...बरं. चालत सुटू. काही दिसलं तर बघू.

खारू : ते बघ, ते पिवळं मशीन खड्डा खणतंय! थांबायचं?

बाबा : त्यात काय बघायचंय? पाण्याचा नळ फुटला असेल. ...बरं, थांबू.

खारू : किती वेळ?

बाबा : ते खणतंय तोवर.

खारू : बाबा, तू घड्याळ बघितलंस.

बाबा : सवय गं. हे बघ, टाकलं खिशात.

खारू : त्या काकांनी एक दगड तीनदा उचलला. तीनदा पडला. आता चौथ्यांदा. ...उचलला! उचलला, बाबा!

बाबा : पठ्ठ्या आहे! मला वाटलं, सोडून देतो आता. घे, बिस्किटं खा. आईने दिलीत.

खारू : शेवटचं मी खिशात ठेवते.

बाबा : खाऊन टाक की. मऊ पडेल.

खारू : मऊ पडलं तरी असेल ना.

बाबा : तुझं हे नेहमीचंच. खडू झिजतो म्हणून लाल रंग द्यायचा नाही, शेवटचा घास वाटीत ठेवायचा. उगाच नाही तुला खार म्हणत.

खारू : बाबा, मला शू लागलीय.

बाबा : खूप की थोडी?

खारू : थोडी मघाशी होती.

बाबा : अरे देवा! त्या कोपऱ्यावर माझी एक इमारत आहे. पळ. ...नमस्कार वॉचमनदादा! नाही, नाही, लिफ्टचं काम नाही आज. त्याहून तातडीचं आहे. हो, मुलगी माझी. हो, नाक माझंच घेतलंय बिचारीने. कुठे, डावीकडे ना?

*

खारू : झालं. हात पण धुतले. बाबा, इथली लिफ्ट तुझी आहे?

बाबा : माझी म्हणजे, देखभाल माझ्याकडे. सात मजले आहेत, सगळी ऑफिसं. आज रविवार, म्हणून सामसूम.

खारू : दाखव.

बाबा : लिफ्टमध्ये काय बघायचंय? ...नाही, चल, दाखवतो. सातचं बटण तू दाब. आता इथे भिंतीला कान लाव. काय ऐकू येतं?

खारू : ऊंऽऽ असं. ऊंऽऽ... टक्!

बाबा : चौथा मजला. तिथे आधी दोन टक् यायचे. एक मी काढला.

खारू : आणि दुसरा?

बाबा : तो राहू दिला. त्याने काही बिघडत नाही. जुन्या लिफ्टच्या सवयी असतात एकेक.

खारू : तुझ्या गुडघ्यात पण टक् होतो. आई म्हणते, बाबा जिना चढायला लागला की खालूनच कळायचं.

बाबा : आई म्हणते? अजून?

खारू : परवाच म्हणाली. बाबा, आला सातवा! वर आणखी जिना आहे.

बाबा : वर मशीनची खोली. तिथूनच ही लिफ्ट ओढली जाते. हात धर माझा, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी दार उघडतो, तू इथूनच बघायचं.

खारू : बाबा! आपलं कार्ड! दाराला लावलंय!

बाबा : आपलं नाही गं, हिचं. आपलं कार्ड म्हणजे यातलंच एक कोरं, कंपनीतून आणलेलं. इथे बारा महिन्यांचे बारा चौकोन. दर महिन्याला यायचं, सगळं तपासायचं, मग टिक, तारीख आणि सही. तुझ्या कार्डावर आपण महिन्याऐवजी जागा लिहिल्या, एवढंच.

खारू : सगळे चौकोन भरलेत.

बाबा : हो, बारावा परवाच भरला.

खारू : आणि खाली ते लिहिलंय. काम पूर्ण झाले.

बाबा : अरे वा! कधीपासून वाचायला लागलीस?

खारू : वाचत नाही. आईकडून वाचून घेतलं होतं. आता बघूनच ओळखते मी ते.

बाबा : खारू? काय झालं? लागलं का कुठे? अगं, रडायला काय झालं एकदम?

खारू : आता तू इथे येणार नाहीस.

बाबा : कोण म्हणालं?

खारू : रंगवाले काका नाही आले.

बाबा : कोण रंगवाले काका?

खारू : नव्या घरात रंग लावायला यायचे ते. रोज यायचे. मला कागदाचा पक्षी करून द्यायचे. दाराच्या मागे माझी उंची पण लिहिली त्यांनी. मग आईने त्यांच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत बसले, तर आलेच नाहीत. आई म्हणाली, त्यांचं काम पूर्ण झालं ना, आता कशाला येतील?

बाबा : त्याचं माझ्या लिफ्टशी काय गं?

खारू : आपले दहा झालेत. दोनच राहिलेत. ते मी ठेवलेत.

बाबा : ठेवलेत म्हणजे?

खारू : बिस्किटासारखे. होडीत बसलं की एकच उरणार. मग मासे बघितले की काम पूर्ण. म्हणून मी आईला सांगितलं, पोट दुखतंय. खरं नव्हतं दुखत.

बाबा : (गुडघ्यावर बसत, तिच्या उंचीला येऊन) म्हणजे तू माझ्याबरोबर यायचं नाही म्हणालीस, ते...

खारू : तू संपू नयेस म्हणून. टक् झालं, बाबा.

बाबा : होऊ दे. इकडे बघ. डोळे पूस आधी. त्या कार्डाची कड धर आणि उचल. मागे काय आहे?

खारू : आणखी एक कार्ड.

बाबा : त्याच्या मागे?

खारू : आणखी एक. आणि आणखी. हे पिवळं पडलंय. सहा... सात... आठ... नऊ. नऊ कार्डं!

बाबा : नऊ वर्षं येतोय मी इथे. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून.

खारू : मग काम पूर्ण झालं असं खोटं का लिहितात?

बाबा : खोटं नाही. त्या कार्डापुरतं पूर्ण. लिफ्ट आहे तोवर तिच्याकडे यावंच लागतं. एक कार्ड भरलं की त्याच्यावर नवं लावायचं.

खारू : मग इथे नवं कुठाय?

बाबा : ते... ते परवा लावायचं राहिलं.

खारू : बघ! विसरलास!

बाबा : विसरलो. खरंच विसरलो. थांब, बॅगेत आहेत कोरी. हे घे. या भोकातून दोरा घाल आणि गाठ मार. मी नाही, तूच लाव. म्हणजे माझ्या भरवशावर राहायला नको.

खारू : दोन गाठी मारते.

बाबा : तीन मार. खारू, थट्टा करत नाही, चूक माझीच आहे. तुला कार्ड दिलं आणि भरल्यावर काय होतं तेवढंच सांगितलं नाही.

खारू : आणि तुला टिक करायची घाई असते. मी अजून जिराफाकडे बघत होते आणि तू पेन काढलंस.

बाबा : काढलं खरं. भीती वाटायची मला.

खारू : जिराफाची?

बाबा : नाही गं. तुला कंटाळा येईल, आणि मग पुढच्या रविवारी तू येणार नाहीस, याची. म्हणून भराभर काहीतरी दाखवत सुटायचो.

खारू : तुला पण वाटायचं, मी येणार नाही?

बाबा : दर शनिवारी.

खारू : घे. अर्धं तू खा, अर्धं मी खाते. मऊ झालंय.

बाबा : शेवटचं ना हे? ठेवायचं होतं की.

खारू : घरी डब्यात आहेत अजून.

*

आई : साडेपाच वाजले.

बाबा : उशीर झाला. घड्याळ खिशात राहिलं.

आई : तुझं घड्याळ? खिशात? ...बरं. होडीत बसलात का?

खारू : नाही. आम्ही खड्डा बघितला, शू केली आणि लिफ्टच्या कार्डाला तीन गाठी मारल्या!

आई : एवढ्यात अख्खा रविवार गेला?

खारू : पुरला नाही. आई, सरक ना, मला फ्रिजकडे जायचंय. हे बघ, कोरं कार्ड!

आई : अगं, बूट! बूट काढ आधी... गेली. काय रे, काय आहे हे? सकाळी कोपऱ्यात बसलेली पोर ती हीच का?

बाबा : तिला वाटत होतं, कार्ड भरलं की मी यायचा बंद होणार. त्या रंगवाल्यासारखा. म्हणून शेवटचे दोन चौकोन वाचवत होती.

आई : अगं बाई! ते मीच वाचून दाखवलं होतं. भाजी चिरता चिरता. दोनदा विचारलं तिने, खरंच असं लिहिलंय का? मी म्हटलं, हो गं, काम पूर्ण झाले, झालं समाधान? वर मान करून तिच्याकडे बघितलंही नाही.

बाबा : तू फक्त जे लिहिलंय ते वाचलंस. ते कार्ड आणलं मी.

आई : आणि मी समजले, तिला तू नकोसा झालायस. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं होतं मला. मग दिवसभर त्याचीच लाज वाटत राहिली.

बाबा : मग विचार ना तिला आता. विचारणार होतीस.

आई : आता काय विचारायचं? ऐक, सकाळी मी एक बोलले होते. महिन्यातून एकदाचं.

बाबा : हो.

आई : ते कुठे लिहून नाही ना ठेवलंस?

बाबा : नाही.

आई : बरं केलंस. दारात काय उभा राहिलास, पाणी पिऊन जा.

खारू : आई! आणखी एक चुंबक दे ना! एकाने दोन कार्डं राहत नाहीयेत!